हिराकाकींची पाटी

हिराकाकींच्या हातावर मी पहिल्यांदा लिहिलं ते 'पावशेर जवळा'. जुईनगरच्या आमच्या सोसायटीत राहायला येऊन तेव्हा मला चारच दिवस झाले होते. तळमजल्यावरच्या या बाईंनी मला जिन्यात अडवलं, केसातला आकडा माझ्या हातात दिला, स्वतःचा उजवा हात पुढे केला आणि म्हणाल्या, "लिव रं. नुसता वढ, दाबू नको." मी भीतभीत ओढलं. पाच मिनिटांत अक्षरं लाल होऊन फुगली. मी माफी मागू लागलो, काकी खूश. "अर्ध्या तासान पाटी कोरी," म्हणत त्या बाजाराला निघाल्या.

त्यांची कातडीच तशी. नख लागलं, पिशवीचे बंद रुतले, की पित्तासारखी लाल, फुगीर गांध उठलीच. डॉक्टरांनी त्याला लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं होतं आणि खाज आली तर घ्यायला गोळ्या दिल्या होत्या. काकींनी नाव सोडून दिलं, गोळ्या डब्यात ठेवल्या आणि हाताची वही केली. डाव्या हातावर किराणा, तो स्वतः लिहायच्या. उजव्यावर मासळी, त्यासाठी जो सापडेल तो लेखनिक. यादी विरायच्या आत दुकान गाठायचं म्हणून वाटेत कुणाशी बोलत नसत. एकदा सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीवरून त्यांना बोलण्यात गुंतवलं आणि यादीतलं मीठ विरून गेलं. त्या दिवशीची अळणी आमटी वाटीभर सेक्रेटरींच्या घरी पोचली.

दुसऱ्याच्या अंगावरचं वाचायचीही त्यांना हौस. माझं हेल्मेट लहान आहे हे मला त्यांनी कपाळावरच्या रेघेवरून सांगितलं. ह्यो दाब, ह्यो ओरबाडा, आन ह्यो नुसता डास, असा निकाल जागच्या जागी.

मागच्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर साताऱ्याकडची अश्विनी भाड्याने राहायला आली, सहा वर्षांच्या मनूला घेऊन. मनूच्या खांद्यांवर, दंडांवर लाल वळ कुणाला तरी दिसले. ग्रुपवर कुजबुज सुरू झाली की आई पोरीला मारते. रविवारी सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग बसली. घरमालकाला सांगून यांना घर खाली करायला लावा, इथवर मजल गेली. अश्विनी रडत सांगत होती की मी हिला हात लावत नाही. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं नव्हतं.

तेवढ्यात काकी आल्या. आईला बिलगून उभ्या असलेल्या मनूला म्हणाल्या, "तुजा नाव लिवू?" तिने मान हलवली. काकींनी तिच्या दंडावर नखाने हलकेच लिहिलं, मग स्वतःच्या हातावरही, आणि कुणी जाऊ नका म्हणून बजावलं. पंधरा शहाणी माणसं दोन हातांकडे बघत बसली. दोन्हीकडे 'मनू' उगवलं. पोरगी हरखून प्रत्येकाला दंड दाखवत फिरली. अर्ध्या तासात दोन्ही नावं गेली.

"माराचा वळ असा जात नाय," काकी म्हणाल्या. "निला पडतो, चार दिस रातो. ही दप्तराच्या पट्ट्याची गांध हाय. डाक्टरला दाखवा, पन घर खाली करायचा नाव नको."

सेक्रेटरींनी चहा मागवला. अश्विनीला कुणीतरी खुर्ची दिली.

बाहेर बाकावर मी काकींना म्हटलं, बरोबर ओळखलंत. त्या स्वतःच्या कोऱ्या झालेल्या हाताकडे बघत म्हणाल्या,

"माजी आय सावत्र होती. माज्या अंगावरची गांध बघून गाव बोलायचा, पोरीला मारते. तिनी मना कदी बोट पन लावला नाय."

"मग तुम्ही सांगितलं नाही लोकांना?"

"लोक कीव करून खाऊ देयाचे. तो बंद व्हईल म्हनून मी गप." त्यांनी पदर सारखा केला. "आय गेली तवा पन गाव तेच बोलला."

तेवढ्यात सेक्रेटरींनी दिलेलं चॉकलेट घेऊन मनू धावत आली. काकींनी तिला जवळ ओढून तोंडावरचे केस मागे सारले.

"खा. पन कोनी इचारला, तर आयचा खरा सांगाचा. खाऊ दिला तरी."

मनूने भरल्या तोंडाने हो म्हटलं. काकींनी तिच्याकडून ते पुन्हा एकदा म्हणवून घेतलं.