निळ्या गाडीचा आलेख

"म्हणजे गाडीच!" क्लबचा अध्यक्ष शेन पुटपुटला, आणि संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक मर्विन ट्रेगर यांना आपल्या हातून काय घडले ते उमगले.

ऑस्ट्रेलियातल्या यारिंबल गावच्या 'काकाकुवा' या ऑस्ट्रेलियन फुटबॉल संघाचे नेमके कुठे चुकते याचे विश्लेषण समितीनेच मागितले होते. मर्विननी किक, झेल, अडवणूक, सारे मांडले. समितीने जांभया आवरीत ऐकले आणि विचारले, "संघ जिंकावा म्हणून शेन मोजे धूत नाही, ते यात कुठं धरलंय?" आयुष्यभर अज्ञानाशी वैर केलेल्या मर्विननी थंड संतापाने शेवटचा आलेख लावला. मर्विनची स्वतःची निळी गाडी मैदानाच्या कुंपणाशी उभी होती तोवर संघ हरत होता. ती येईनाशी झाली तसा जिंकू लागला.

"दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडत नाही, एवढंच मला..."

पुढचे कोणी ऐकले नाही. गाडी येत नव्हती, कारण मर्विनची बायको नोला बेंडिगोच्या रुग्णालयात होती. हे गावाला ठाऊक होते, पण आलेखात नव्हते.

नोला घरी आली त्याच आठवड्यात मोसमाचा शेवटचा साखळी सामना होता. जिंकले तर बाद फेरी. कुंपणाशी, गोलखांबाजवळच्या त्यांच्या नेहमीच्या जागेवरून, गोल झाला की हॉर्न वाजवायचा, हे तिच्या वडिलांपासून चालत आलेले. खाटेवर पडल्या पडल्या तिने दुसरे काही मागितले नव्हते.

मैदानाच्या फाटकाशी शेन टोपी चुरगाळत उभा. "नोला, तुला बघून बरं वाटलं गं. पण प्रोफेसर, गाडी बाहेरच ठेवा ना. तुमचाच आलेख."

"माझा आलेख तुमची खिल्ली उडवण्यासाठी होता!"

"कळलं. पण खरा निघाला तर?"

"तुझ्या विद्वत्तेनं मला फाटकाबाहेर बसवलं," नोला म्हणाली आणि हसू लागली. मर्विनना हसू आले नाही.

गव्हाच्या कोठाराआड गाडी लावून दोघे ऐकत बसली. हॉर्न वाजत होते, पण पाहुण्या संघाच्या बाजूने. मध्यंतराला शेन धापा टाकत आला. "प्रोफेसर, तुमचं गणित साफ चुकलं! चला आत!"

"गणित चुकलं नाही. तुम्ही गाढवांनी..."

"शिव्या नंतर द्या, आधी गाडी काढा!"

गोलखांबाजवळची जागा रिकामीच होती. गाडी आणायला बंदी, पण तिथे दुसरी गाडी लावायची कोणाची छाती झाली नव्हती. काकाकुव्यांनी गोल केला. नोलाने वाकून हॉर्न वाजवला. मग दुसरा. शेवटच्या मिनिटांत संघ एका गुणाने पुढे आला, तेव्हा तिने चहासाठी थर्मासकडे हात नेला.

"हलू नकोस!" मर्विन ओरडले. "मघाशी बसली होतीस तशीच बस."

नोलाने सावकाश त्यांच्याकडे पाहिले. "मर्विन, बेंडिगोत रोज त्या एकाच निलगिरीखाली गाडी लावायला घिरट्या घालायचास. खिडकीतून दिसायचं मला."

"नमुना लहान होता," ते मैदानावरची नजर न काढता म्हणाले. "इतक्या लहान नमुन्यावर धोका कोण पत्करणार?"

सायरन वाजला. एका गुणाने जिंकले. नोलाने हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. मर्विन खाली उतरले, आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून, चाके जिथे टेकली होती तिथे बुटाच्या टाचेने मातीत खूण करून ठेवली.