कडवळाच्या रानी पागा राखिली त्याची हकीकत

श्रीगजाननाचे चरणी मस्तक ठेवोन, वडिलांचे मुखे जैसे ऐकिले तैसे लिहितो. शके सोळाशे छप्पन, आनंदनाम संवत्सरे, माघमासी राजे कैलासवासी जाहले आणि पुत्र अजाण, म्हणोन राणी दर्याबाईसाहेब राज्य चालवू लागल्या. ते समयी गनिमाने कडब्याच्या गंजी जाळिल्या आणि पागेस चारा उरला नाही. मग बाईंनी पाटाखालील रानात कडवळ, म्हणजे हिरव्या चाऱ्याची ज्वारी, पेरविण्याची आज्ञा केली. त्यांचे दीर कुसाजीराव सरनौबत बोलिले, "वहिनीसाहेब, बी मुठीने फोकून मोकळे व्हावे. वेळ थोडा." बाई बोलिल्या, "भावजी, दाटीतले ताट बारीक राहते आणि वाऱ्याने लोळते. पाभर धरा, ओळीने पेरा." रावांनी मान राखिला, परंतु आपले निम्मे रान फोकूनच पेरिले. चैत्री वावटळ उठली आणि फोकलेले सारे भुईस मिळाले, ओळीचे उभे राहिले. रावांनी मान खाली घातली.

तोच गनीम खिंडीपलीकडे उतरला. घोड्यांच्या बरगड्या दिसो लागल्या आणि कडवळ अवघे गुडघाभर. राव बोलिले, "आता कापू द्यावे. गनीम थांबणार नाही." बाई बोलिल्या, "कोवळ्यात विष असते. माझे माहेरी ऐशा कोवळ्यावर सुटलेली गुरे बांधावरच पडली. तुम्ही पायदळानिशी खिंड धरा, पागा मी जगविते." मग वाड्यातील हरभरा घोड्यांस लाविला आणि आपण कण्यांवर राहिल्या. राव खिंडीत झुंजत राहिले, माणूस पडत गेले, आणि बाईंस अन्न गोड लागेना. परंतु विळा लावू दिला नाही. मग कणसाची पोटरी फुटली, फुलोरा आला. कारभारी बोलिले, "दाणा भरू द्यावा, वजन वाढेल." बाई बोलिल्या, "दाणा भरला की ताट लाकूड होते. आजच कापा."

कापणी जाहली. रसाळ, पाल्याने भरले कडवळ घोड्यांनी पोटभर खादले, आणि काही दिवसांत अंगावर तुकतुकी आली. मग अवघी पागा खिंडीतून सुटली, ती गनिमाचे गोटात शिरली, आणि गनीम डेरे टाकून पळाला. राव निशाण घेवोन आले, ते बाईंचे पुढे ठेवोन बोलिले, "हे मी रणात घेतले. फत्ते आपण रानात केली." बाईंचे डोळे भरले. बोलिल्या, "खिंडीत पडले त्यांचे घरी आधी चला."

सारांश, तेव्हापासोन त्या राज्यी कडवळ ओळीने पेरावे आणि फुलोऱ्यात कापावे ऐसा शिरस्ता पडला, पागा ताजी राहिली, आणि गनीम पुन्हा खिंडीकडे फिरकला नाही. इति.