दहा कप्पे आणि एक मावशी

स्वभावाची सोंगं लाख असोत, व्यक्तिमत्त्वाचे विकार मात्र दहाच, आणि एक माणूस एकाच कप्प्यात! मानसशास्त्रात संशोधन करणारे आमचे भाचेबुवा हे छातीठोकपणे सांगत. कप्पे खरे आहेत हे सिद्ध करण्यात त्यांची सहा वर्षं आणि पुढचे बरेचसे केस खर्ची पडले होते. आता उरली होती एक चाचणी आणि प्रबंधावर मार्गदर्शक मॅडमची एक सही. मुदत आज पाचपर्यंत.

चाचणी अगदी सोपी. चाळीस माणसं. प्रत्येकाला दोन परीक्षकांनी वेगवेगळ्या खोल्यांत तेच प्रश्न विचारायचे. दोघांचं निदान जुळलं, की कप्पा खरा! ऐन वेळी एक जण गळाला, म्हणून भाच्याने मावशीला आणलं आणि मानाचा म्हणून पहिला नंबर दिला. इथेच माशी शिंकली.

पहिल्या खोलीत प्रश्न आला, "लोक तुमच्या पाठीमागे बोलतात असं वाटतं?"

"वाटतं कशाला? दाराआडून ऐकलंय की!"

परीक्षकाने 'संशयी'वर खूण केली.

दुसऱ्या खोलीत पुन्हा तोच प्रश्न! मावशी चपापली. तीस वर्षं तिने शाळेत शिकवलं होतं. प्रश्न पुन्हा विचारतात तो उत्तर चुकल्यावरच, हे तिला पक्कं ठाऊक.

"छे हो! माझ्याबद्दल कोण बोलणार? मी तर चप्पलसुद्धा चार जणांना विचारून घेते."

इथे 'परावलंबी'वर खूण झाली.

मावशी बाहेर आली. बाकांवर एकोणचाळीस जण रांगेत बसलेले. रांग दिसल्यावर निवृत्त शिक्षिका गप्प बसेल कशी?

"ऐका रे सगळे! पहिल्या खोलीतली उत्तरं चुकीची धरतात. दुसरीत बदलून सांगा!"

"सगळीच बदलायची, बाई?" एका दाढीवाल्या गृहस्थांनी हात वर करून विचारलं.

"सगळी! आणि शेजाऱ्याकडे बघायचं नाही."

साडेचारला निकाल लागला. माणसं चाळीस, जुळलेली निदानं शून्य!

"शून्य?" मॅडम चष्मा काढून म्हणाल्या. "अरे, डोळे मिटून खुणा केल्या तरी चार-दोन जुळतात! शून्याला शिस्त लागते. कुणाची ही?"

"माझी!" मावशीने सगळं कौतुकाने सांगितलं. "एक पोर चुकलं नाही हो!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "म्हणजे दहा कप्पे राहिले बाजूला, अकरावाच सिद्ध झाला. मावशीचं ऐकणारे!" त्यांनी समासात आकडाही लिहिला : एकोणचाळीस. "चाचणी पुन्हा घे. सहा महिने लागतील."

भाच्याने घड्याळाकडे बघितलं.

"सहा महिने कशाला?" मावशी पुढे सरसावली. "नुसतं सांगितलं तरी माणूस कप्पा बदलतो, हे काय कमी सापडलं? तेच खरं खरं लिहील तो. करा पाहू सही. खाली तारीख. आणि अक्षर नीट!"

मॅडमनी निमूट सही केली. खाली तारीख घातली. मग क्षणभर पेन तसंच धरून त्यांनी समासातलं 'एकोणचाळीस' खोडलं आणि सुवाच्य अक्षरात 'चाळीस' लिहिलं.