फोटो नसलेली वेबसाइट

मुकादम कुठलीही गोष्ट नव्या कॉम्प्युटरवर तपासत नसत. अडगळीच्या खोलीत पिवळा पडलेला एक जुना कॉम्प्युटर होता. तो सुरू होईपर्यंत मुकादम खाली जाऊन चहा पिऊन येत. "ह्याच्यावर उघडलं तर उघडलं," म्हणत. "साहेबांच्या टेबलावर काय, काहीही उघडतं."

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत आम्ही दोघे लिपिक. गावाचं नाव सांगत नाही, संबंधित मंडळी अजून रस्त्यात भेटतात. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास वरून फर्मान आलं, वेबसाइट करा. कॉम्प्युटरला न घाबरणारे एकटे मुकादम, म्हणून पत्र त्यांच्याकडे सरकलं. त्यांनी फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं आणि एकट्याने साइट उभी केली. कुठल्या दाखल्याला कोणते कागद, कोण कधी जागेवर असतं, बस. मराठी अशी टाकली की कुठल्याही देशात वेगळा फाँट न घालता वाचता यावी. आमचा अर्धा मोहल्ला आखातात, उरलेला गाव मुंबईत. मुकादमांच्या मते साइट त्यांच्यासाठी. इथे राहणाऱ्याला निदान येऊन भांडता येतं.

नगराध्यक्षांनी पाहिली आणि विचारलं, "माझा फोटो कुठाय?"

"साहेब, फोटो यायला पाच मिनिटं लागतात. कुवेतातल्या माणसाची जेवणाची सुट्टी तेवढ्यात संपते."

साइट त्या दिवशीच मेली. पुढच्या बैठकीला एक कंपनी आली, टाय लावून. मुख्याधिकाऱ्यांनी मुकादमांना विचारलं, "फुकटचं सॉफ्टवेअर बिघडलं तर कोणाला धरायचं?"

"मला धरा."

"आणि तुम्ही निवृत्त झालात की?"

मुकादमांनी दोनशे पानी वही पुढे केली. साइट कशी चालवायची ते सगळं तिच्यात लिहिलेलं. मुख्याधिकाऱ्यांनी तिच्यावर चहाचा कप ठेवला.

जुनी साइट बंद करण्याची टिपणी माझ्या हातची आहे. 'कर्मचाऱ्याने हौसेखातर केलेली' हे शब्दही माझेच. मला तेव्हा बढती हवी होती. मिळाली.

नव्या साइटवर फडकता झेंडा होता, नगराध्यक्ष तीन पोझमध्ये होते. फक्त मराठी वाचता येत नव्हती. कंपनीचा फाँट नसेल तिथे नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसत. कंपनी म्हणे, फाँट कसा घालायचा ते साइटवर दिलंय. मराठीत.

मुकादम निवृत्त झाले. निरोपाचं भाषण मीच केलं, चांगलं झालं म्हणतात. पुढे कंत्राट संपताच कंपनीने हात वर केले. जुनीच साइट परत उभी करायचं ठरलं, आणि ती वही मागायला मलाच मुकादमांच्या घरी पाठवलं.

बायको गेल्यापासून ते एकटेच. कॉम्प्युटरवर आमची जुनी साइट चालू होती, आता त्यांच्या स्वतःच्या खर्चाने. वर एक ओळ वाढवलेली: 'ही अधिकृत साइट नाही.'

"लोक मेल करून विचारतात, मी सांगतो," म्हणाले. वही त्यांनी न कुरकुरता दिली. मग एक मेल उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. मस्कतहून आलेला. मुलीच्या कागदपत्रांसाठी स्वतःचा जन्मदाखला हवा, काय करावं लागेल? खाली नाव, इरफान मुकादम.

इरफान त्यांचा मुलगा. लग्नावरून भांडून गेला, त्याला सहा वर्षं झाली होती. त्यानंतर एक फोन नाही.

"म्हणजे मुलगी झालीय," मुकादम म्हणाले. "मला ह्याच्यातून कळलं."

"तुम्ही काय लिहिलंत?"

"कागदांची यादी. त्याच दिवशी पाठवली."

"आणि तुमचं नाव?"

"दाखल्याचं विचारलंन, दाखल्याचं सांगितलं." त्यांनी मेल बंद केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सावंत, अर्ज तुमच्या टेबलावर येईल. तेवढा अडवू नका."