कायतानमामाचा डेलिगेट

तुम्ही दिलेलं मत हरलं, तर पुढे त्या मताचं काय होतं, हे तुम्ही कधी कोणाला विचारलं आहे का? आमच्या किनाऱ्यावर एक माणूस हेच विचारत फिरतो. कायतानमामा. सकाळी चहाच्या दुकानात रेडिओ लागला की तो हात गुडघ्यांत घालून बसतो. बातम्यांत अमेरिकेचं नाव निघालं की भज्यांची कढई खाली उतरवायला लावतो, कारण तिच्या चुरचुरण्यात कॅलिफोर्निया ऐकू येत नाही.

मामा बोटीवर कूक होता. पाय मोडला म्हणून त्याला कॅलिफोर्नियातल्या एका बंदरात उतरवून इस्पितळात ठेवलं. तिथे प्रायमरीची धामधूम चालली होती. अध्यक्ष व्हायला निघालेल्या माणसाला आधी स्वतःच्या पक्षाची उमेदवारी मिळवावी लागते. त्यासाठी राज्याराज्यांत मतदान होतं, त्यावरून त्याला डेलिगेट मिळतात आणि हे डेलिगेट पक्षाच्या मोठ्या सभेत उमेदवार ठरवतात. काही राज्यांत ते मतांच्या प्रमाणात वाटले जातात. कॅलिफोर्नियात मात्र तेव्हा जो एका मतानं पुढे, सगळे डेलिगेट त्याचे. मामाचा पाय जुळला, पण हे त्याला अजून पचलेलं नाही.

मला समजावताना त्यानं वाळूत सुके बांगडे मांडले. "ह्ये डेलिगेट. आता अर्ध्याक एक कमी लोकांनी दुसऱ्याक मत दिल्यानी. तेंका काय? कांटो पण नाय." तेवढ्यात मांजरानं एक बांगडा पळवला. मामा कळवळून म्हणाला, "बघ, ह्यो पण गेलो."

"मामा, तिथली काळजी तुम्ही कशाला वाहता?"

"रे झिला, रापणीत दोर ओढलो तेका वाटो गावता. लंगडो असांदे, ल्हान असांदे. मग मतान काय पाप केल्यान?"

रापण म्हणजे अख्ख्या वाडीनं किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. यंदा मोठ्या यांत्रिक बोटींचे लाँचवाले किनाऱ्याला खेटून येऊ लागले आणि आमच्या रापणी फाटू लागल्या. रापण गेली तर तीन वाड्यांच्या चुली जातात. रत्नागिरीला मासेमारी खात्याच्या साहेबापुढे बोलायला एक माणूस पाठवायचा होता. एकीकडे सखाराम तांडेल, कोणापुढे न वाकणारा. दुसरीकडे बाबल, गोड बोलणारा. लाँचमालकाच्या पडवीत त्याची खुर्ची ठरलेली.

भांडण नको म्हणून मामाची योजना मान्य झाली. प्रत्येक वाडीनं हात वर करून मत द्यायचं, वाडीचे तीन डेलिगेट, एकूण नऊ. जाणते म्हणाले, वाडी ज्याची, तिन्ही डेलिगेट त्याचे. मामा म्हणाला, मतांप्रमाणे वाटून. मी मामाच्या बाजूनं तावातावानं बोललो. मी वाड्यावाड्यांत वाटतो ती सगळी पत्रकं हेच सांगतात: ज्याचं मत मोजलं जात नाही, तो गुलाम. वाटून द्यायचं ठरलं. मला सखाराम हवा होता; घरी जाताना मी हिशेब मांडला. सखाराम दोन वाड्यांत पुढे होता, तिसरी अख्खी बाबलची; सहाऐवजी वाटणीत त्याला मिळणार होते दोन-दोन असे चारच. बाबलला पाच.

आमच्या वाडीत तसंच झालं. दोन सखारामचे, एक बाबलचा. पण बाबलला मत देणारी माणसं मोजकी. पार्वतीकाकीच्या मुलाला बाबलनं गोदीत कामाला चिकटवलं होतं, म्हणून तिचा हात वर गेला. सखारामच्या माणसांसमोर बाबलचा डेलिगेट म्हणून उभं राहायला कोणी धजेना. काकी मामापाशी आली. "कायतानबाब, माझा तेवढा मत थंय पोचवशात?"

मामानं मान डोलावली. मी त्याला बाजूला ओढलं. "तुम्ही तर सखारामचे."

"मी सखारामाचोच. पण ह्या मत माझा नाय."

होड्यांच्या खोपीत शेवटची सभा झाली. आठ डेलिगेट बोलले, चार-चार. राहिला मामा. सखाराम त्याच्याकडे बघत होता. मामाच्या कपाळावर घाम, हातातली टोपी पिळून दोरीसारखी झालेली. म्हणाला, "बाबल."

सखाराम उठला. "कायतान, अमेरिकेन तुझो पाय जुळवल्यान, पण डोक्या ठेवन घेतल्यान." कोणी हसलं नाही.

बाबल रत्नागिरीला जाऊन आला. साहेब विचार करतील म्हणतो. लाँच अजून येतात. रापण वर येताना मी आधी तिची भोकं बघतो.

मी मामाशी भांडायला गेलो. तो चुलीपुढे बसला होता. घरात एकटा, आणि पातेलं वीस माणसांचं.

"एवढी पेज कोणासाठी?"

"बोटीवरच्या कुकाचो हात ल्हान होणा नाय," तो म्हणाला. मग मी न विचारताच बोलला. "बोटीवरसून इल्यापासून माका कोणी काय एक सोपवूक नाय. लंगड्याक वाटो देतत रे, दोर देणत नाय. पार्वतीन आपला मत इश्वासान दिल्यान. ता मी वाटेत टाकू?"

मी पेज खाऊन परत आलो.

आमच्या बाजूला आलात तर चर्चच्या मागच्या वाटेनं जा. मामा पायरीवर असेल. त्याची कीव करू नका, मासळीही नेऊ नका. त्याला काहीतरी पोचवायला द्या. मसुऱ्याच्या पाहुण्यांना निरोप, रुसलेल्या भावाला दोन शब्द, काहीही. निरोप त्याला पटला नाही तरी तो पोचवील.