ठमीचं कोलेस्टेरॉल

अर्ध्या गावाच्या दंडात सुया खुपसून निवृत्त झालेल्या आजीचा हात त्या सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी लटलट कापत होता. समोर नऊ वर्षांची नात, ठमी, बाही वर करून बसली होती. डोळे गच्च मिटलेले, आणि भोकाड पसरायची सगळी तयारी ओठांवर.

"सिस्टर, आटपा आता," आजोबा म्हणाले.

लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी आजोबा बायकोला सिस्टरच म्हणत. पहिली भेट इस्पितळात झालेली, आजोबांचा भाजलेला हात पुढे आणि मलमाची डबी घेऊन ही समोर. तेव्हा जे तोंडात बसलं ते बसलं. लोक हसायचे, पण आजोबांनी जन्मभर अग्निशमन दलाचा बंब चालवलेला. असल्या किरकोळ गोष्टींना ते भीक घालत नसत.

रक्त तपासायचा हा घाट डॉक्टरबाईंनी घातला होता. आजोबांचे दोन्ही भाऊ पन्नाशी गाठायच्या आत हृदयाच्या झटक्यानं गेले. त्यामुळे बाई वर्षानुवर्षं आजोबांच्या मागे लागल्या होत्या, की एकदा कोलेस्टेरॉल बघून घ्या. आजोबांचं उत्तर ठरलेलं, "बाई, धूर दिसल्याशिवाय आम्ही बंब बाहेर काढत नाही." शेवटी बाईंनी त्यांचा नाद सोडला आणि सुनेला गाठलं. घराण्यात असं असेल तर मुलांचंही या वयात एकदा बघावं, म्हणाल्या. सुनेनं लॅबमधून ठमीच्या नावाची नळी आणून आजीच्या हातात ठेवली. पोरीला परक्या माणसाची भीती वाटते, आणि घरात एवढी नावाजलेली नर्स असताना बाहेर कशाला जायचं? एवढं बोलून सून आणि मुलगा आपापल्या कामाला निघून गेले.

ठमीनं एक डोळा किलकिला केला, सुई पाहिली आणि धूम ठोकली. पाठोपाठ न्हाणीघराची कडी लागल्याचा आवाज आला.

आजी खुर्चीत मटकन बसली. "मला नाही जमत हो. केवढीशी ती शीर तिची!"

"अहो, हजारो पोरांना टोचलंत तुम्ही!"

"ती लोकांची होती."

आजोबांना एकदम दया आली. बायकोच्या डोळ्यांत पाणी पाहायची त्यांना सवयच नव्हती. त्यांनी शर्टाची बाही वर सरकवली आणि हात टेबलावर ठेवला. "माझं घ्या."

"तुमचं कसं चालेल?"

"का? ती माझ्याच रक्ताची आहे ना? टाकी एक, नळ दोन. मीही सकाळपासून उपाशीच आहे, तुम्ही चहाच कुठे दिलात! आणि पोर ठणठणीत, मी ठणठणीत. रिपोर्ट चांगलाच येणार. कुणाला कळतंय?"

आजीनं एकदा न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं, एकदा नळीकडे. आणि मग तो हात, ज्याला ती चाळीस वर्षं ओळखत होती, त्यात तिनं सफाईदारपणे सुई घातली. या वेळी तिचा हात मुळीच थरथरला नाही.

रिपोर्ट आला आणि घरात आग लागली. या आगीवर आजोबांचा बंब चालणार नव्हता.

"नऊ वर्षांच्या मुलीचं एवढं?" डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. "हे तर एखाद्या सत्तरीच्या माणसाचं वाटतंय."

आजोबांना जोराचा ठसका लागला. आजीनं त्यांच्या पाठीवर धपाधप मारलं, जरा जास्तच जोरात.

"घराण्यातून आलेलं असेल तर मुलांनाही गोळी द्यावी लागते," बाई म्हणाल्या. "आता यावर आमच्यातही वाद आहेत, खोटं कशाला सांगू? काही म्हणतात, लवकर सुरू करा, पुढचं संकट टळेल. काही म्हणतात, इतक्या लहानपणापासून जन्मभर गोळी घेतल्याचा अनुभव अजून आपल्या गाठीशी कमी आहे. म्हणून आधी तीन महिने खाणं सांभाळा, रोज पळवा, आणि मग पुन्हा तपासू."

त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच उरला नाही. सून गाडी शिकवायची. ती म्हणाली, "मी शिकाऊ माणसाला आधी ब्रेक शिकवते, मग वेग. गोळी म्हणजे ब्रेक. लावून मोकळं व्हायचं." मुलाचं चष्म्याचं दुकान होतं. तो म्हणाला, "घाई नको. मी साधा नंबरसुद्धा दोनदा बघितल्याशिवाय काच घासत नाही." ठमीची आत्या रोज संध्याकाळी फोन करायची. सोमवारी म्हणायची, "एवढ्याशा पोरीला गोळ्या? वैरी आहात का तिचे?" आणि मंगळवारी आणखी काहीतरी वाचून, "अजून दिली नाहीत? वैरी आहात का तिचे?" दोन्ही वेळा आवाज सारखाच चढलेला.

आजी-आजोबा मात्र मूग गिळून बसले होते. अधूनमधून बाल्कनीत जाऊन कुजबुजायचे.

"सांगून टाकू या."

"सांगा की मग."

"तुम्ही सांगा. रक्त तुमचं."

"सुई तुमची."

इथवर येऊन गाडी अडायची. शेवटी त्यांचं ठरलं, की तीन महिन्यांनी दुसऱ्या तपासणीला आजी मन घट्ट करून ठमीलाच टोचेल, रिपोर्ट चांगला येईल, आणि प्रकरण गुपचूप मिटेल. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

पण आजी नर्स होती. खरा रोगी कोण हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि रात्री शेजारी आजोबा घोरायला लागले की ती उठून बसायची. घोरणं थांबलं की त्यांच्या नाकाशी बोट धरायची. तिला त्यांचे दोघे भाऊ आठवायचे. त्यामुळे घरात एक विचित्र कारभार सुरू झाला. ठमीच्या ताटातून लोणी, चीज आणि केक हद्दपार झाले. तिला एकटीला वाईट वाटू नये म्हणून आजीनं ते आजोबांच्या ताटातूनही काढले. ठमीनं सकाळी मैदानावर पळायचं. तिला सोबत हवी म्हणून आजोबांनीही पळायचं, म्हणजे आधी चालायचं आणि मग जमेल तेवढं पळायचं.

"पण पोर बिचारी फुकटची उपाशी राहतेय हो," आजी हळहळायची. मग सून घराबाहेर पडली की पावाच्या तुकड्यावर बोटभर लोणी थापून तो ठमीच्या हातात द्यायची. ठमीही शहाणी. का, कशाला, एक प्रश्न नाही. खाऊन तोंड पुसायची आणि आईसमोर उकडलेल्या भाज्यांकडे बघून उसासे टाकायची.

तीन महिन्यांत ठमीचे गाल वर आले आणि आजोबांचं पोट आत गेलं. सुनेला सासऱ्यांचं भारी कौतुक वाटलं. "बाबा, नातीसाठी तुम्ही लोणी सोडलंत. असे आजोबा मिळायला नशीब लागतं," ती म्हणाली. आजोबांनी ताटातली उकडलेली भाजी उगाचच चिवडली.

दुसऱ्या तपासणीची सकाळ उजाडली. आजीनं मन घट्ट केलं होतं. ठमी या वेळी पळाली नाही. तिनं बाही वर केली आणि आजीच्या डोळ्यांत बघून इतकंच विचारलं, "आजी, खूप दुखेल?"

झालं. आजीची सुई पुन्हा ताटात.

"जा बाळ, तू आत जाऊन खेळ," म्हणत आजोबांनी बाही वर केलीच. त्यांना स्वतःबद्दल जबर खात्री वाटत होती. "सिस्टर, तीन महिने घोड्यासारखा पळलोय. आता बघा कसं सोन्यासारखं येतं. सुंठीवाचून खोकला जाणार!"

खोकला थोडासाच गेला. आकडा जरा खाली आला होता, पण डॉक्टरबाईंनी मान हलवली. "एवढे कष्ट करूनही हे असं, म्हणजे घराण्यातलंच दिसतंय. आता गोळी सुरू करू."

त्या रात्री जेवणं झाल्यावर टेबलाभोवती सगळे असे बसले होते, जणू गोळी नाही, ठमीलाच कुठे दूरदेशी पाठवायचं होतं. मुलानं औषधाबरोबरचा कागद दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा उचलला. सुनेनं पाण्याचा पेला पुढे केला. तिचा चेहरा पार उतरला होता. ब्रेक ब्रेक म्हणणं सोपं, पण आपल्या पोरीच्या तळहातावर गोळी ठेवताना तिचाही हात थरथरला. आत्या फोनवर होती.

"दिली का रे?"

"देतोय, ताई."

"देऊ नका!" आत्या म्हणाली. मग म्हणाली, "नाहीतर... द्याच."

ठमीनं गोळी चिमटीत धरली आणि तोंड उघडलं. तेवढ्यात टेबलावरून एक केसाळ हात झपकन आला, गोळी उचलली गेली आणि आजोबांनी ती पाण्याशिवाय गिळून टाकली.

मुलाच्या हातातला कागद खाली पडला.

"बाबा!" सून किंचाळली.

"गोळी माझी आहे," आजोबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. "रक्त माझं होतं. दोन्ही वेळा."

"काय झालं? कुणी गिळली?" फोनमधून आत्या ओरडत होती. "अरे, कुणीतरी सांगा मला!"

मग आजीनं सगळं सांगितलं, रडत, नाक पुसत, सुईपासून लोण्यापर्यंत. सुनेचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "तीन महिने मला धड झोप नाही, आई! रोज रात्री उठून मी तिच्या छातीवर हात ठेवून बघायचे!"

"चुकलं गं माझं," आजी म्हणाली. "साऱ्या गावाला टोचलं. हिला नाही टोचता आलं."

सून बोलायला गेली आणि थांबली. तिला मघाचा आपला थरथरणारा हात आठवला असावा. ती उठली, आणि तिनं सासूच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सगळी वरात डॉक्टरबाईंकडे गेली. बाईंनी आजोबांना झापलं, मग आजीला दुप्पट झापलं. "सिस्टर, तुम्हीसुद्धा? दुसऱ्याचं रक्त पोरीच्या नावावर? अहो, उगाच औषध गेलं असतं तिच्या पोटात!" आजीनं शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घातली. मग बाईंनी आजोबांना आडवं पाडून सगळ्या तपासण्या केल्या, मोठ्या इस्पितळातही पाठवलं. रिपोर्ट हातात आल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला.

"हृदयाची एक रक्तवाहिनी निम्मी तुंबलीय," शेवटी म्हणाल्या. "अजून गोळ्यांवर भागेल. पण आणखी दोन-तीन वर्षं तुम्ही धुराची वाट बघत बसला असता ना, तर तुम्हाला उचलूनच आणावं लागलं असतं. कदाचित तेवढाही वेळ मिळाला नसता."

आजोबांनी बाही खाली ओढली. आजीनं त्यांचा हात घट्ट धरला, तोच, दोनदा टोचलेला. आपल्या हातून घडलेल्या चुकीबद्दल देवाचे आभार मानावेत की माफी मागावी, हे तिला कळेना. तिनं दोन्ही उरकून घेतलं. बाहेर पडताना सुनेनं आजोबांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. "पुन्हा असं केलंत तर याद राखा, बाबा," ती म्हणाली. "पण बरं झालं हो. फार बरं झालं."

राहिली ठमी. आता तिचं खरं रक्त काढायचं होतं. दवाखान्यातली नर्स पुढे झाली तशी ठमीनं हात मागे घेतला. "आजीच टोचेल."

आजीच्या हाताला पुन्हा कापरं भरलं. ठमीनं दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं आणि अगदी आजीच्याच सुरात म्हणाली, "घाबरायचं नाही. मुंगी चावल्यासारखं होतं आणि संपतं."

आजीनं टोचलं. ठमी रडली नाही. आजी रडली.

ठमीचा रिपोर्ट लख्ख आला. बाईंनी सगळ्या घराचंच रक्त मागवलं होतं. त्यात मुलाचा आकडा किंचित वर निघाला. "पुन्हा एकदा बघू या," तो म्हणाला. सुनेनं त्याच्या पुढ्यातली लोण्याची वाटी निमूटपणे उचलली.

संध्याकाळी सगळे टेबलाशी बसले होते. आजोबांची गोळी पुढ्यात होती. सून ठमीकडे बघत म्हणाली, "पण पोरी, तू चक्क गोळी गिळायला निघाली होतीस! जराही घाबरली नाहीस?"

"मी कुठे गिळणार होते?" ठमी म्हणाली. "रक्त आजोबांचं होतं, मला माहीत होतं. मी न्हाणीघराच्या दाराच्या फटीतून बघितलं होतं."

सगळ्यांच्या माना एकदम ठमीकडे वळल्या.

"अगं सटवे!" आजी म्हणाली. "मग तीन महिने बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू पावाला लोणी लावलं असतंस?" ठमीनं विचारलं. हा मुद्दा बिनतोड होता. "आणि आजोबा माझ्याबरोबर पळायला आले असते?"

आजोबांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसायला घेतला. "आणि गोळीचं काय करणार होतीस गं?"

"जिभेखाली धरून ठेवणार होते," ठमी म्हणाली, "आणि आई उठली की तुम्हाला देणार होते. तुमचीच होती ना ती?"

तिनं पुढ्यातली गोळी उचलली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेतला आणि खुर्चीवर उभी राहिली.

"आ करा."

आगीला कधी न घाबरलेल्या आजोबांनी मुकाट्यानं तोंड उघडलं.