रिसेप्टर निघाला बावड्याला

"हिंदुराव, ही बाटली आजच पुण्याच्या लॅबला पोचली पाहिजे. सांडू देऊ नका," डॉक्टर म्हणाले. बाटलीत हिंदुरावांच्या बायकोच्या, छबूबाईंच्या छातीतून काढलेल्या कॅन्सरच्या गाठीचा तुकडा होता. त्यात इस्ट्रोजेन हार्मोनचा रिसेप्टर आहे का, ते तपासायचं होतं. हार्मोन त्या रिसेप्टरवर येऊन बसतं आणि गाठ वाढवतं. रिसेप्टर सापडला, तर ती जागा गोळीनं अडवता येणार होती.

वरकुट्याच्या हिंदुरावांना नवं काही कळलं, की ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय पोटात राहत नसे. त्यात ही तर बायको वाचायची गोष्ट! बाटली त्यांनी कडीच्या स्टीलच्या डब्यात घातली, बारामतीचा स्टँड गाठला आणि भेटेल त्याला सांगत सुटले.

"म्हंजी गोळी करती काय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"आबा, यष्टीत आपून काय करतो? खिडकीतनं रुमाल टाकतो! जागा धरली, की हार्मोन बसतंय कुठं? ऱ्हायलं उभं!"

तेवढ्यात गाडी लागली. लोक धावले. हिंदुरावांचा रुमाल घरीच राहिला होता, म्हणून त्यांनी डबाच खिडकीतून सीटवर ठेवला. जागा धरली म्हटल्यावर निर्धास्त होऊन ते उरलेलं व्याख्यान पुरं करायला वळले. पुन्हा बघतात तो गाडी फाटकाबाहेर! आणि पाटीवर पुणे नव्हे, बावडा.

"संध्याकाळी येईल माघारी," कंट्रोलर मान वर न करता म्हणाला.

हिंदुराव दवाखान्याकडे वळले. डॉक्टरांना काय तोंड दाखवायचं? छबूला काय सांगायचं? ते दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसले.

दुपारी समोर एक फटफटी येऊन थांबली. वरून उतरले महिपती, छबूबाईंचे थोरले भाऊ. भाचीच्या लग्नात मामाचा मान चुकला, तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद होतं. आणि हातात तोच डबा! तो त्यांनीच बहिणीला लग्नात दिलेला. झाकणावर 'महिपती, बावडा' असं कोरलेलं. कंडक्टरनं नाव वाचून डबा इमानदारीनं घरपोच केला होता.

"दाजी!" महिपती कडाडले. "आदी वाटलं, आमचा आहेर माघारी धाडला. उघडून बघतो तर बाटली, बाटलीवर छबूचं नाव अन् दवाखान्याचं! बहिणीला कॅन्सर झाला, त्ये भावाला डब्यातनं कळवता व्हय?"

हिंदुरावांनी आधी बाटली उजेडात धरली. थेंबही सांडला नव्हता. मग त्यांनी मेव्हण्याला कडकडून मिठी मारली. "भांडा पाव्हणं, पर पुण्याच्या वाटंवर भांडा!"

दोघं फटफटीवर भांडतच पुण्याला गेले आणि लॅब बंद व्हायच्या आत पोचले.

रिपोर्टच्या दिवशी सगळं गणगोत दवाखान्यात जमलं. "रिसेप्टर सापडला," डॉक्टर हसून म्हणाले. "गोळी लागू पडेल अशी चांगली आशा आहे. रोज एक, पाच वर्षं."

हिंदुरावांनी टोपी उडवली. महिपतींच्या डोळ्यांना धार लागली. खाटेवरच्या छबूबाई हळूच उठून बसल्या.

"म्हंजी मी एवढ्यात मरत न्हाय?"

"न्हाय गं छबू!"

"मग त्या सारजीला सांगा, माझी लुगडी माघारी दे म्हणावं. मरायचंच हाय म्हणून सगळी देऊन बसले मी!"

धाकटी जाऊ सारजा दारातच उभी होती, त्यातलंच एक हिरवं नेसून.